एक भट्टी विझली, दुसरी पेटली

वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉट कारखान्यातल्या झोतभट्ट्या, म्हणजे कोळसा वापरून खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्ट्या, बंद झाल्या म्हणजे टाटा स्टीलचं उत्सर्जन घटलं, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. वेल्समधली शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये विझली आणि त्याच महिन्यात ओडिशात कलिंगनगरला नवी, अजस्र झोतभट्टी पेटली. तिथली क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून ८० लाखांवर नेली गेली. कोळशाच्या या पद्धतीत टनभर पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ब्रिटनमध्ये भंगार मुबलक, म्हणून तिथे ते वितळवणारी विजेची भट्टी जमते; आपल्याकडे भंगार अपुरं पडतं, ही अडचण खरीच. पण अशी झोतभट्टी दुरुस्त्या करत कित्येक दशकं चालवतात. मग कंपनीच्या २०४५ च्या नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याच्या लक्ष्याचं काय? कलिंगनगर कोळशावरून कधी उतरणार, याचं वर्षवार वेळापत्रक कंपनीने मांडायलाच हवं.