प्रयोग आधी वर्गावरच करावेत

मानसशास्त्राच्या वर्गात मुलांना फ्रॉइड आणि मानसिक आजार हवे असतात, संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र आलं की वर्ग ओस पडतो, ही तक्रार मला अगदी पटते. पण त्यावर सुचवला जाणारा ‘व्हिडिओ दाखवा’ हा उपाय पुरेसा वाटत नाही. मुलं माना डोलावतात, ‘हे तर माहीतच होतं’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

ही ‘माहीतच होतं’वाली समजूतच आधी मोडायला हवी. अर्ध्या वर्गाला चिठ्ठी द्यायची: ‘दूर राहिल्याने प्रेम वाढतं असं संशोधनात दिसलंय. का ते लिहा.’ उरलेल्यांना नेमकं उलट वाक्य. दोन्हीकडून झकास कारणं येतात! ती एकापाठोपाठ मोठ्याने वाचली की वर्ग एकदम चपापतो. (दोन्ही वाक्यं आपणच रचली होती, हे तासाच्या शेवटी न विसरता सांगावं.) मानसशास्त्रज्ञ फोररने १९४८ मध्ये विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. तोही प्रयोग वर्गात आजही चालतो. पटलेली गोष्ट खरी असेलच असं नाही, हे एकदा कळलं की कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी ठेवलेला, ज्यावर प्रयोग होत नाही असा गट) कशाला लागतो, हे वेगळं समजवावं लागत नाही.

खरी पंचाईत पाठ्यपुस्तकांची आहे. मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डोचा १९७१ चा तुरुंग-प्रयोग (विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून केलेला) अनेक ठिकाणी अजून जसाच्या तसा शिकवला जातो. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या, हा आक्षेप त्यात येतच नाही. मी दोन्ही बाजू शिकवतो, आणि परीक्षेत गुण कशाला मिळतील तेही स्पष्ट सांगून टाकतो.