पाच षष्ठांशातून तीन अष्टमांश: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

वहिनी: ताई, मोकळ्या आहात का? सोनूच्या वहीचा फोटो टाकलाय. ५/६ − ३/८ असं गणित आहे. पठ्ठ्याने वर ५ − ३ = २ केलं, खाली ८ − ६ = २. मग २/२ म्हणजे १. वर मलाच म्हणतो, उत्तर पूर्ण आलं म्हणजे बरोबरच असणार.

मी: आत्मविश्वास बघा 😄

दादा: तिरका गुणाकार कर म्हणावं. ५ × ८ = ४०, ३ × ६ = १८, खाली ६ × ८ = ४८. उत्तर २२/४८. संपला विषय.

वहिनी: अहो, लसावि (दोन्ही छेदांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) काढून करा असं सांगितलंय त्यांना. तुमचं ते तिरकं लिहिलं की गुण जातात.

ताई: थांबा गं दोघं. लसावि, तिरका गुणाकार सगळं नंतर. वहिनी, आधी त्याला एवढंच विचार: ५/६ हे एकापेक्षा मोठं की लहान?

वहिनी: लहान म्हणाला.

ताई: मग त्यातून काढून घेतल्यावर एक उरला कसा? काढल्यावर वाढलं?

वहिनी: 🤐 गप्प झालाय. आता विचारतोय, मग छेदांचं करायचं काय?

ताई: छेदांची वजाबाकी करायचीच नसते. अंश सांगतो तुकडे किती, छेद सांगतो तुकडा केवढा. षष्ठांश मोठा, अष्टमांश लहान. पाचातून तीन गेले, दोन राहिले म्हणायचं तर दोन काय राहिले? षष्ठांश म्हणता येत नाही, अष्टमांशही नाही. म्हणून आधी दोन्ही एकाच मापाचे करायचे. प्रत्येक षष्ठांशाचे सारखे चार तुकडे केले की चोविसांश होतात, अष्टमांशाचे तीन केले तरी चोविसांशच. ५/६ = २०/२४ आणि ३/८ = ९/२४. आता खुशाल वजा कर. ११/२४.

काकू: अगं पण २४च का? ४८ चालत नाही?

ताई: चालतो की काकू. ७२ घ्या, ९६ घ्या. ज्याला ६ ने आणि ८ ने भाग जातो ती कुठलीही संख्या चालते. २४ त्यातली सगळ्यात लहान, म्हणून आकडेमोड कमी. दादाचं २२/४८ चूक नाहीच, नुसता संक्षेप राहिलाय. वर-खाली २ ने भाग, ११/२४.

दादा: ऐकलंत का 😎

मी: घड्याळावरही पडताळून बघता येतं. तासाचा ५/६ म्हणजे ५० मिनिटं. ३/८ तास म्हणजे साडेबावीस. उरली साडेसत्तावीस. आणि ६० मिनिटांचे ११/२४ काढा, साडेसत्तावीसच येतात.

काकू: हे मला कळलं बाई. बाकी तुमचं चालू द्या.

अण्णा: दोन्ही रीती जुन्याच आहेत, भांडू नका. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) समच्छेद (म्हणजे छेद सारखे) करण्याचे दोन्ही प्रकार एकापाठोपाठ दिले आहेत. पहिला आपल्या चिरंजीवांचा, तिरक्या गुणाकाराचा: एकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश आणि छेद गुणा. दुसरा असा की दोन्ही छेदांना आधी सामाईक विभाजकाने भागून घ्या आणि त्या लहान झालेल्या छेदांनी गुणा. ६ आणि ८ ला २ ने भागले, राहिले ३ आणि ४. मग ५/६ ला वर-खाली ४ ने गुणा, ३/८ ला वर-खाली ३ ने. २४ आपोआप येतो, लसावि वेगळा मांडायला नको.

ताई: अण्णा, मला हीच रीत सगळ्यात आवडते. फक्त भागताना मसाविनेच, म्हणजे सगळ्यात मोठ्या सामाईक विभाजकानेच भागायचं, नाहीतर छेद उगाच मोठा राहतो. ७/१२ − ५/१८ घ्या. मसावि ६. राहिले २ आणि ३. म्हणून २१/३६ − १०/३६ = ११/३६. तिरक्याने हेच १२६ − ६०, खाली २१६. बसा मग संक्षेप करत.

दादा: बरं बाई, लसावि घेतला की शेवटी संक्षेप करावा लागत नाही, हा फायदा मान्य.

ताई: तेही नाही रे! ५/६ − ३/१० कर. लसावि ३०. २५/३० − ९/३० = १६/३०. अजून २ ने भाग जातोय, ८/१५. शेवटी एकदा बघावंच लागतं.

दादा: 🙏

वहिनी: ताई, पुढचं गणित ४ पूर्णांक १/६ वजा २ पूर्णांक ३/८ आहे. समच्छेद केले त्याने, ४/२४ आणि ९/२४. चारातून नऊ जात नाहीत म्हणून शेजारच्या ४ मधला एक उसना घेतला आणि ४ चे १४ केले! उत्तर १ पूर्णांक ५/२४.

ताई: अगदी नेहमीची गल्लत. साध्या वजाबाकीत उसना घेतला की दहा मिळतात, तीच सवय. इथे घेतला तो अख्खा एक, आणि तुकडे चोविसांशाचे. एकात चोविसांश किती?

वहिनी: मी सोनू. २४.

ताई: शाब्बास. मग ४ चे किती झाले?

वहिनी: २८. २८ वजा ९ म्हणजे १९. ३ वजा २ म्हणजे १. उत्तर १ पूर्णांक १९/२४.

अण्णा: बरोबर. दुसऱ्या वाटेने ताडून पाहा. २५/६ − १९/८ म्हणजे १००/२४ − ५७/२४, म्हणजे ४३/२४. तेच.

मी: अण्णा, हे तोंडी केलंत?

अण्णा: मग काय.

वहिनी: आत्या, ६ मधून २ पूर्णांक ५/७ आहे. ६ ला छेदच नाहीये. मी सोनूच.

ताई: तूच दे ना त्याला छेद. एक उसना घे, त्याचे सप्तमांश कर.

वहिनी: ५ पूर्णांक ७/७. मग ३ पूर्णांक २/७?

ताई: हो. आता फोन आईकडे दे आणि पुढची वहीत कर.