गेनशिनमधलं इनाझुमा: तुमचे अनुभव लिहा

गेनशिन इम्पॅक्ट या व्हिडिओ गेममध्ये इनाझुमा हा प्रदेश आला तो जुलै 2021 मध्ये. गेम शांघायच्या कंपनीचा, पण हा प्रदेश जपानवरून बेतलेला, तोरी (देवळाच्या कमानी), साकुराची झाडं, शोगुन (लष्करी शासक), सारखी कडकडणारी वीज. दिसायला इतकं देखणं आणि आतली माणसं मात्र घुसमटलेली, म्हणूनच मला ते फार आवडतं. कुठलं बेट, कुठली क्वेस्ट (गेममधली कामगिरी) मनात राहिली ते लिहा. स्पॉयलर, म्हणजे कथा आधीच फोडणं, चालेल.

निळी_छत्री: मी नोकरीसाठी जपानमध्ये फुकुओकाला असते. गेममध्ये रितोऊ बंदरात उतरल्या उतरल्या अडवतात ना, परदेशी लोकांनी इथंच थांबायचं, पुढे जायचं तर परवाना काढा, तेव्हा मला लगेच नागासाकीचं देजिमा आठवलं. 1641 पासून डच व्यापाऱ्यांना तिथंच ठेवायचे, दोनशेच्या वर वर्षं. मग मुद्दाम जाऊन आले. आता चहूकडे भराव घातलाय त्यामुळे बेट असं वाटत नाही, पण गोदामं, घरं परत बांधलीत. या टोकापासून त्या टोकाला चालत दोन-तीन मिनिटं, बास. एवढ्याशा जागेत माणसं वर्षानुवर्षं राहिली!

भट्टीवाला: आमचं कोल्हापुरात फाउंड्रीचं काम, त्यामुळे मी रमलो ते ताताराझुनात, इनाझुमातल्या पोलादाच्या भट्टीच्या जागी. जपानची जुनी तातारा भट्टी मातीची असते, लोहवाळू आणि कोळसा आलटून पालटून टाकत राहायचं, तीन दिवस तीन रात्री, आणि शेवटी भट्टीच फोडून आतलं पोलाद बाहेर काढायचं. जपानच्या शिमाने भागात अजून हिवाळ्यात करतात, तलवारी घडवणाऱ्यांना तेच पोलाद जातं. गेममधली मिकागे भट्टी अवाढव्य आहे, तशी खरी नसते, पण बिघडलेल्या भट्टीजवळ जायची भीती वाटते आणि तरी कुणीतरी जावंच लागतं, हे बरोब्बर पकडलंय. ती क्वेस्ट एका दिवसात संपतही नाही, थोडं काम करा, बाकीचं उद्या. मला हे फार पटलं, भट्टीपुढे घाई चालत नाही.

मोगरा२२: गेमच्या म्युझिकबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? यू-पेंग चेन यांचं आहे. हेडफोन लावून रात्री गेममधल्या डोंगरावरच्या नारुकामी देवळापर्यंत चढत जा.

रातकिडा: त्सुरुमी बेट. नुसतं धुकं, आणि त्यात तो रू नावाचा मुलगा. आपण त्याला मदत करतोय करतोय आणि हळूहळू लक्षात येतं की तो कधीच गेलाय, गावानंच त्याला बळी दिला, ज्या पक्ष्यासाठी दिला त्या पक्ष्याला त्याचं गाणं आवडायचं, आणि तो संतापला तो सगळं गाव संपवूनच थांबला. मी बराच वेळ कंट्रोलर खाली ठेवून बसलो होतो. पक्ष्याचं नाव कान्ना कापाचिर, ते ऐनू लोकांकडून आलंय. होक्काइदोचे मूळ रहिवासी ते, पण जपानी कायद्यात त्यांना तसं म्हटलं गेलं ते थेट 2019 मध्ये. या क्वेस्टमुळे मी त्यांच्याबद्दल वाचायला लागलो.

साधा_माणूस: व्हिजन (गेममध्ये माणसाला शक्ती देणारा खडा) काढून घेतलं की माणूस आपल्याला काय हवं होतं तेच विसरतो, ही कल्पना जबरदस्त आहे. थोमा नावाच्या पात्राचं, शंभरावं, व्हिजन घ्यायला निघतात तो सीन तर अंगावर येतो. पण पुढचं युद्ध फार घाईत गुंडाळलं, तिथं अजून एखादा भाग हवाच होता.

नवी_खेळाडू: मी आत्ताच याशिओरी बेटावर पोचलेय. इथला पाऊस थांबतच नाही का?

निळी_छत्री: थांबतो! ओरोबाशी या मेलेल्या महासर्पाची क्वेस्ट कर, एकेक वॉर्ड (रक्षक खांब) दुरुस्त झाला की आभाळ मोकळं होतं. मग त्या सापाच्या सांगाड्यावर चढून बघ.