बी विंग कट्टा : ‘पठाण’ बघून आल्यावर

(२९ जानेवारी २०२३, रविवार)

४०२ काका : सकाळपासून ग्रुपवर नुसते अंगठे आणि ज्वाळा. सगळ्यांची मजा मान्य, पण मला ‘पठाण’ ठीकठाकच वाटला.

१०३ : काका!! चार वर्षांनी शाहरुख आला आणि तुम्ही ठीकठाक म्हणता?

खजिनदार : तिकिटांचे पैसे राहिलेल्यांनी आज जमा करावेत.

४०२ काका : शाहरुखबद्दल तक्रार नाही. ५७व्या वर्षी तो जे करतो त्याला सलाम. माझं दुखणं जॉन अब्राहमच्या जिमबद्दल आहे, म्हणजे सिनेमातल्या खलनायकाबद्दल. माणूस आपल्याच रॉ या गुप्तहेर संस्थेतला. गरोदर बायकोसकट ओलीस धरला गेला, सरकारने खंडणी दिली नाही, तिला त्याच्या डोळ्यांदेखत मारलं. एवढा सल घेऊन आलेल्या माणसाशी पठाण धड बोलतही नाही. लगेच मारामारी, मग गाडी, मग हेलिकॉप्टर.

२०१ काकू : गाडीवरून आठवलं. माझ्या जागेवर रात्री परत कोणाची तरी पांढरी गाडी.

३०४ : काकू, पार्किंगचा ग्रुप वेगळा आहे.

२०१ काकू : तिथे कोणी उत्तर देत नाही, म्हणून इथे.

१०३ : बैकल सरोवराच्या बर्फावर बाईक पळवली राव! अजून काय पाहिजे?

३०४ : आणि ट्रेनमध्ये सलमान! शिट्ट्यांमध्ये एक वाक्य ऐकू आलं असेल तर शपथ.

४०२ काका : तो प्रसंग मलाही आवडला. दोन दमलेली माणसं पेनकिलरच्या गोष्टी करतात. तेवढा वेळ ती खरी वाटतात.

५०१ अण्णा : रामेश्वरनाथ काओंनी १९६८ साली रॉ उभी केली. त्यांचे फोटोसुद्धा दुर्मीळ. आणि हा हेर भर रस्त्यात गोळ्या झाडतो.

१०३ : अण्णा, मग पडद्यावर फायली दाखवायच्या का?

५०१ अण्णा : ‘राझी’ बघ परत. घरातल्या नोकराला हेर झालेल्या आलियाचा संशय येतो तेव्हा आपलाच जीव वरखाली होतो.

खजिनदार : तिकिटांचे पैसे राहिलेल्यांनी आज जमा करावेत.

३०४ : साहेब, मी कालच दिले. नावं टाका, सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

खजिनदार : नावं टाकली की राग येतो. गणपतीच्या वर्गणीचं आठवतंय ना?

२०१ काकू : तो विषय नको हं. मी अजून विसरले नाहीये.

४०२ काका : अण्णांचंच पुढे नेतो. ‘पठाण’मध्ये प्रयोगशाळेत रक्तबीज या विषाणूची लागण होते आणि डिंपल कपाडिया आत अडकते, तिथे मला खरंच भीती वाटली. कारण तिथे माणसं गमावली जातात. पठाणला मात्र काही होणार नाही हे आधीच ठाऊक.

१०३ : काका, कोविडनंतर लोक असे गर्दीने थिएटरात आलेत, हे तरी चांगलं म्हणा.

४०२ काका : फार चांगलं. म्हणूनच तळमळून लिहितोय. एवढी माणसं समोर बसली आहेत, तर जिमच्या प्रश्नाला पाच मिनिटं द्यायची. देशापायी ज्याचं घर गेलं त्याला देशाने काय सांगायचं? मला ते ऐकायचं होतं.

५०१ अण्णा : १०० टक्के सहमत.

१०३ : हे पटलं काका. तरी मी परत बघणार.

सेक्रेटरी : उद्या टाकी धुणार आहेत. १० ते १ पाणी बंद. कृपया पाणी भरून ठेवावे.

खजिनदार : तिकिटांचे पैसे राहिलेल्यांनी आज

२०१ काकू : आणि माझ्या पार्किंगचं काय?

३०४ : काकू, गाडी माझ्या मेव्हण्याची आहे. जेवून झालं की काढतो.

२०१ काकू : आत्ता सांगताय? जेवण नंतर, गाडी आधी.