ड्रम वर आलाय पण शेगडी पेटत नाही (आमच्या फोंड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

सोमवार

सेक्रेटरी: सगळ्यांना नमस्कार. मागच्या बाजूला आपल्या ओल्या कचऱ्याच्या बायोगॅसच्या टाकीकडे आंबूस वास मारतोय म्हणून कालपासून चार फोन आले. वॉचमन म्हणतो चार दिवस शेगडी पेटत नाही. प्लांट बसवणारा माणूस फोन उचलत नाही. रविवारी मीटिंग ठेवू का?

बी-४०२ नाईकबाब: मीटिंग कसली ठेवताय, काढून टाका ते. मी बसवतानाच सांगितलं होतं. ५६ फ्लॅटनी पैसे भरले आणि गॅस कोणाला, वॉचमनला नि माळ्याला. आम्हाला फक्त वास.

ए-१०४ काकी: वास तर आमच्या बेडरूमच्या खिडकीत थेट येतो. गणेश चवथीला पाहुणे होते घरात, लाज वाटली हो.

डी-२०१ रोहन: सेक्रेटरी काका लीक आहे का? लीक असेल तर डेंजर आहे ना, मुलं खेळतात तिकडे

सेक्रेटरी: लीक वाटत नाही, टाकीवरचा गॅस साठवणारा ड्रम मस्त वर आलाय. उलट नेहमीपेक्षा जास्तच वर आलाय. म्हणूनच समजत नाही.

ए-३०३: कोणाकडे शिडी आहे का? ट्यूबलाइट बदलायची आहे.

सी-३०२ देसाई सर: ड्रम वर आहे आणि गॅस पेटत नाही, म्हणजे आत गॅस आहे पण तो जळणारा नाही. मी खाली जाऊन बघतो, थांबा जरा.

सी-३०२ देसाई सर: बघून आलो. काडी लावली तर बर्नरवर विझते. शाळेतल्या आंबटपणा मोजायच्या पीएचच्या पट्ट्या माझ्याकडे अजून आहेत, टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ रबडीत, म्हणजे स्लरीत, बुडवली तर साडेपाच दाखवते. सातच्या आसपास पाहिजे. टाकी आंबलीय. आता मला खरं सांगा, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यात काय काय घातलंत?

(बराच वेळ कोणी काही बोललं नाही)

ए-१०४ काकी: मी फक्त नेवऱ्या (करंज्या) घातल्या. थोड्याच. मऊ पडल्या होत्या.

बी-२०५: आम्ही भाताचा टोप एक. आणि खीर.

डी-१०१: गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीची फळं सगळी. पपनस, चिबूड, केळी. देवाचं म्हणून कचऱ्याच्या गाडीत टाकवेना.

डी-२०१ रोहन: आमच्याकडून लाडू 🙈 पण ओला कचराच आहे ना तो

सी-३०२ देसाई सर: ओलाच आहे, पण रोज २५ किलो खाणाऱ्या टाकीला एका सकाळी तुम्ही शंभरावर किलो घातलंत आणि तेही बहुतेक साखर नि तांदूळ. आता कसं असतं ते सांगतो, लांब होईल पण वाचा. आत दोन प्रकारचे जिवाणू असतात. पहिले अन्न फोडून त्याची आम्लं करतात, ते भराभर काम करतात, गोड मिळालं तर विचारूच नका. दुसरे त्या आम्लांपासून शेवटी मिथेन करतात, आणि हे सावकाश, नाजूक, आंबट झालं की बसूनच जातात. नेहमी पहिल्यांनी केलेलं दुसरे संपवतात म्हणून सगळं ठीक चालतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांनी एवढं आम्ल केलं की दुसरे बंद पडले. म्हणून ड्रममध्ये आता भरलाय तो जास्त करून कार्बन डायऑक्साइड, तो ड्रम वर उचलतो पण जळत नाही. चांगल्या बायोगॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, तेव्हा निळी ज्योत येते.

बी-४०२ नाईकबाब: सर तुमचा क्लास छान होता. पण मुद्दा तोच, हे आपलं काम नाही. सरकारने साळगावला कचऱ्याचा केवढा मोठा प्रकल्प केलाय, काकोड्याला केलाय, करू देत त्यांना.

सी-३०२ देसाई सर: साळगावचा मी आतून बघून आलोय नाईकबाब. २०१६ ला सुरू झाला तेव्हा दिवसाला १०० टनांचा होता, मग २५० चा केला. तिथे पण हेच आहे, हवाबंद टाकी, ओला कचरा, गॅस, आणि त्या गॅसवर वीज. पोट मोठं आहे एवढंच. तिथे सुद्धा प्लॅस्टिक, करवंट्या निवडून काढायला माणसं नि मशीन लागतात. आणि ओल्या कचऱ्यात शंभरातले सत्तरच्या वर भाग पाणीच असतं, म्हणजे ट्रकमध्ये डिझेल जाळून आपण पाणीच फिरवायचं.

डी-२०१ रोहन: सर एक विचारू, गॅस सिलिंडरमध्ये भरून प्रत्येकाला थोडा थोडा देता येणार नाही का, मग कोणाची तक्रारच नाही

सी-३०२ देसाई सर: नाही रे बाबा. आपल्या सिलिंडरमधला गॅस थोड्या दाबानेच पातळ होतो, म्हणून १४.२ किलो मावतो. मिथेनचं तसं नाही, नेहमीच्या तापमानाला कितीही दाबला तरी पातळ होत नाही. मोठे प्लांट तो शुद्ध करून प्रचंड दाबाने जाड नळकांड्यात भरतात, गाड्यांना देतात. आपण तसलं काही करायच्या भानगडीत पडायचं नाही, पाइपने न्यायचा आणि जवळच जाळायचा. तो पण कमी दाबाचा, म्हणून शेगडीची जेटची भोकं मोठी लागतात.

बी-२०५: पण फायदा किती, रुपयांत सांगा

सी-३०२ देसाई सर: रुपये तुम्ही लावा. रोज २५ किलो ओल्या कचऱ्यातून नीट चाललं तर दोन घनमीटरच्या आसपास गॅस, एक घनमीटर म्हणजे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस धरा. महिन्याला पावणेदोन-दोन सिलिंडर. वीज करायची म्हटली तर रोज तीन-चार युनिट, त्यासाठी जनरेटर घेणं मूर्खपणा, शिवाय या गॅसात हायड्रोजन सल्फाइड असतो तो इंजिन खातो. शेगडीच बरी.

ए-१०४ काकी: पण सर वास?

सी-३०२ देसाई सर: वास टाकीचा नाही काकी, टाकी बंद आहे. मी वाकून बघितलं, बादल्या रात्रभर क्रशरच्या ओट्यावर उघड्या पडून असतात, सकाळी माळी येईपर्यंत. क्रशर पण आठ दिवस बंद, आत काय सापडलं सांगू? तिसऱ्यांच्या शिंपल्या. पाते वाकलंय.

डी-१०१: 😶

बी-४०२ नाईकबाब: तिसऱ्या आमच्या नाहीत. आम्ही श्रावणापासून शिवराक (शाकाहारी).

सेक्रेटरी: मग मासळीचं घालायचंच नाही का? म्हणजे लोक विचारतात.

सी-३०२ देसाई सर: बांगड्याची डोकी, पोटातलं वगैरे थोडं चालतं, रोजच्या मानाने मूठभर, जास्त झालं तर अमोनिया होतो आणि पुन्हा तेच रडगाणं. शिंपल्या, हाडं, करवंट्या, नारळाच्या शेंड्या, अंड्याची टरफलं अजिबात नाही. लिंबाच्या, पपनसाच्या साली कमी. आणि चहाची गाळणी कोणाची तरी आहे, स्टीलची, ती ओट्यावर ठेवलीय, घेऊन जा.

मंगळवार

सी-३०२ देसाई सर: सकाळी झोप लागेना म्हणून लिहितो. सत्तरी तालुक्यात आमच्या घराकडे गोबरगॅस होता, खादी ग्रामोद्योगच्या नमुन्याचा, लोखंडी ड्रमचा. आई रोज दोन बादल्या शेण नि तेवढंच पाणी हाताने कालवायची, त्यातली काटकी न काटकी काढायची. ड्रमवर वडिलांनी चुन्याची एक रेघ मारली होती. ड्रम रेघेपर्यंत आलेला दिसला की आजी म्हणायची आज पेज नको, भात टाकूया. पावसात ड्रम रेघेच्या खालीच राहायचा, थंडीने जिवाणू सुस्तावतात हे मला पुढे कॉलेजात कळलं. पण एवढ्या वर्षांत ती टाकी एकदाही आंबली नाही, कारण घालणारी माणूस एक होती, आणि ती रोज तेवढंच घालायची. आपल्याकडे घालणारे ५६ आणि बघणारा कोणी नाही.

बी-२०५: पण शेणाचं ते शेणाचं सर. जेवणाचा कचरा वेगळा ना

सी-३०२ देसाई सर: वेगळा, उलट जोरदार. शेण म्हणजे गाईने आधीच पचवून उरलेलं. पुण्याच्या आरती (अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) संस्थेने, डॉ. आनंद कर्व्यांनी, हेच धरून घरगुती खरकट्यावर चालणारी छोटी टाकी केली, २००६ साली त्यांना लंडनचं अॅशडेन पारितोषिक मिळालं. भाभा अणुसंशोधन केंद्राचा निसर्गऋण म्हणून प्लांट आहे तो पण स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर. पण जोरदार खाद्य म्हणून हात राखून घालायचं.

सेक्रेटरी: आता उपाय काय तो सांगा सर, मीटिंग कॅन्सल करतो.

सी-३०२ देसाई सर: दहा दिवस टाकीत काहीही घालायचं नाही. कवळ्याला माझ्या ओळखीचा गोठा आहे, रोज एक बादली ताजं शेण पातळ करून घालतो, त्यात पाहिजे ते जिवाणू जिवंत असतात. चुन्याची निवळी थोडी थोडी, पट्टी बघत. आत्ताचा गॅस मोकळ्या हवेत सोडून देऊ, तेव्हा जवळ कोणी विडी पेटवायची नाही. तोवर ओला कचरा गाडीला द्या.

बी-४०२ नाईकबाब: दहा दिवसांनी पेटला नाही तर काढायचा. लिहून ठेवा ग्रुपवर.

सेक्रेटरी: लिहिलं.

डी-३०१: ताज्या नेवऱ्या ऑर्डरवर मिळतील, चवथीच्या उरलेल्या नाहीत हं 😄

पुढच्या आठवड्यातला गुरुवार

सी-३०२ देसाई सर: पट्टी साडेसहा.

त्यानंतरचा रविवार

सी-३०२ देसाई सर: पट्टी सात. वॉचमनच्या बायकोने सकाळी चहा केला, मला पण दिला. ज्योत निळी, अधूनमधून फडफडते, पाइपात पाणी साचलंय म्हणून, ते सोडून देतो. उद्यापासून पाच किलो, मग आठवडाभराने दहा. स्लरी कुंड्यांना पाहिजे असेल त्यांनी डबा आणा, एकाला दोन पाणी मिसळून घाला.

ए-१०४ काकी: देव बरें करूं सर. माझ्या मोगऱ्याला पाहिजे.

सेक्रेटरी: सकाळी आठ ते साडेआठ बादलीपाशी एक माणूस उभा राहायचा, फ्लॅटवार पाळी लावलीय, यादी नोटीस बोर्डवर आहे. उद्या बी-४०२.

बी-४०२ नाईकबाब: मला गुडघ्याचा त्रास आहे. खुर्ची ठेवा तिथे.