क्यूएमएस (गुणवत्ता सांभाळायची पद्धत) सगळीकडे एकदम लावावी की एका लाइनपासून?

लेथवाला
भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं वर्कशॉप आहे. १४ मशिन, दोन शिफ्ट, साठेक माणसं. मोठ्या ग्राहकाने सांगून टाकलंय, सहा महिन्यांत आयएसओ ९००१ चं, म्हणजे ह्या पद्धतीच्या स्टँडर्डचं, सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर नव्या पार्टचं कोटेशन मागवणार नाही. शेठनी कन्सल्टंट ठरवला. त्याचा प्लॅन: पहिल्या महिन्यात सगळे फॉरमॅट, दुसऱ्यात ट्रेनिंग, तिसऱ्याच्या एक तारखेपासून सगळीकडे एकदम चालू. माझं म्हणणं, आधी बुशची (पोकळ नळीसारख्या पार्टची) लाइन घ्या. चारच मशिन, आणि रिजेक्शन तिथेच जास्त. महिनाभर चालवू, जे चालत नाही ते फॉरमॅट फाडू, मग बाकीच्यांना देऊ. मीटिंगमध्ये मी एकटा पडलो. तुम्ही काय केलं असतं?

मायक्रॉन मॅडम
मीसुद्धा तुमच्या विरोधातच बसले असते. लाइन वेगळी असली तरी स्टोअर एक, परचेस एक, गेजचं (मोजायच्या साधनांचं) कपाट एक. आमच्याकडे हाच प्रयोग झाला होता. कॅलिब्रेशनचे (साधन बरोबर मोजतं हे तपासल्याचे) स्टिकर फक्त एका लाइनच्या मायक्रोमीटरवर लावले. नवव्या दिवशी शेजारचा सेटर (मशिन लावून देणारा) स्टिकरवाला घेऊन गेला आणि स्वतःचा इकडे ठेवून गेला. त्यात त्याची काही चूक नाही, त्याला जो हाताशी मिळाला तो त्याने उचलला. आणि माणसं म्हणायला लागली, "ते आयएसओ त्या लाइनचं, आपलं नाही." हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही.

शिवाय उलटं मोजून बघा. स्टेज २ च्या, म्हणजे सर्टिफिकेटसाठीच्या मुख्य ऑडिटच्या, आधी अंतर्गत ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू झालेला लागतो, त्यासाठी मागे काही महिन्यांच्या नोंदी हव्यात. ऑडिटमधली एनसी (निघालेली त्रुटी) मिटवायलाही वेळ जातो. सहातला एक महिना तुम्ही चार मशिनवर घालवणार?

१३ नंबरचा पाना
मॅडम, नोंदी कशा होतात ते सेटरला विचारा. आमच्या आधीच्या कंपनीत सगळीकडे एकदम चालू केलं होतं. दर तासाला पाच जॉब मोजायचे आणि रजिस्टरला लिहायचे. सायकल टाइम दीड मिनिट, एक माणूस दोन मशिनवर. मोजणार कधी? शिफ्ट संपताना एकाच पेनाने, एकाच दमात सगळं भरायचं: २४.९८, २४.९८, २४.९७, परत २४.९८. मधे २४.९७ टाकायचं हेही शिकवलेलं असतं, खरं वाटावं म्हणून. एका गुरुवारी दुपारी दोन तास लाइट नव्हती. रजिस्टरमध्ये त्या दोन तासांचेही रीडिंग होते! ऑडिटरने पान उलटलं, सही केली, चहा घेतला.

लेथवाल्यांचं बरोबर आहे. आधी चार मशिनवर बघा की ताशी पाच जॉब मोजून होतात का. नसतील होत तर दोन करा. पण खरे दोन.

जुनाजाणता
दोघांचंही अर्धं पटतं, पण घोडं वेगळ्याच जागी अडलंय. इतके फॉरमॅट लागतातच कशाला? स्टँडर्डच्या २००८ च्या आवृत्तीत सहा लेखी प्रोसिजर सक्तीच्या होत्या, क्वालिटी मॅन्युअल होतं, एमआर (मॅनेजमेंटचा प्रतिनिधी) नेमावा लागायचा. २०१५ च्या आवृत्तीत मॅन्युअलची सक्ती गेली, एमआरची गेली. तरी कन्सल्टंट जुनीच जाड फाइल घेऊन फिरतात. मी एका ठिकाणी बघितलंय, मशिन शॉपच्या फाइलमध्ये मोल्डचं तापमान नोंदवायचा तक्ता होता. आधीचं गिऱ्हाईक प्लास्टिकवालं असणार! तुमच्या कन्सल्टंटला प्रत्येक फॉरमॅटवर एकच विचारा: हा स्टँडर्डने मागितलाय, ग्राहकाने, की तुम्ही?

मायक्रॉन मॅडम
पाना, तुमची गुरुवारची गोष्ट मला नवीन नाही, असली रजिस्टरं मीही पकडली आहेत. पण तो दोष एकदम चालू केल्याचा नाही, सुपरवायझर मशिनवर न जाण्याचा आहे. चार मशिनवर केलंत तरी शिफ्टच्या शेवटी भरणारा भरणारच.

१३ नंबरचा पाना
चार मशिन असतील तर सुपरवायझर जाईल तरी. चौदावर जात नाही, हे मी अकरा वर्षं बघतोय.

लेथवाला
मॅडमचं गेजचं उदाहरण वाचून सकाळी कपाट उघडलं. एक प्लग गेज असा निघाला की त्याची नोगो बाजूच, जी भोकात जायलाच नको, आरामात आत जात होती, आणि तो कुठल्या लाइनचा हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा मी माझं म्हणणं बदललं, पण पूर्ण नाही. गेजचं कॅलिब्रेशन, जुनी ड्रॉइंग मशिनवरून उचलणं आणि रिजेक्शनचा लाल डबा हे सोमवारपासून सगळीकडे. ताशी रीडिंगचा कागद मात्र फक्त बुशच्या लाइनवर, महिना नाही, तीन आठवडे. त्यात किती मोजणं जमतं ते मी स्वतः उभा राहून बघणार. शेठ तयार आहेत.

अडचण एकच. कन्सल्टंटने चाळीस रजिस्टरं आधीच छापून आणली आहेत आणि शेठ विचारतायत, ह्यांचं काय करायचं.

मायक्रॉन मॅडम
तीन आठवड्यांनंतरची तारीख आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा. आमचे तीन आठवडे साडेचार महिने चालले होते.

१३ नंबरचा पाना
रजिस्टरांची मागची बाजू कोरी असेल तर इकडे पाठवा. आम्ही अजून टूलचे ऑफसेट (मापातली दुरुस्ती) मशिनच्या दारावर खडूने लिहितो.