मदत हवी आहे : कापसात सांडलेलं १३:०:४५

संत्र्यावर फवारायला आणलेली १३:०:४५ ची (पोटॅशियम नायट्रेट) २५ किलोची बॅग उंदरांनी फोडली. खत खालच्या कापसात आणि गंधकाच्या भुकटीत मिसळलं. हे स्वतः जळत नाही, पण ऑक्सिजन पुरवून आग भडकवतं. गंधकासोबत तर फारच धोक्याचं. म्हणून खोलीची लाइट बंद केली, डिझेलचा डबा बाहेर काढला, बिडीवाल्यांना मनाई केली. झाडू, फावडं अजून लावलेलं नाही. जाळायचं तर नाहीच.

शेजारी म्हणतात, पाणी मारून धुऊन काढा. पण उतार पिण्याच्या विहिरीकडे आहे, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमच.

खत पाण्यात सहज विरघळतं, गंधक नाही. मग कापूस टाक्यात भिजवून ते पाणी पातळ करून संत्र्याच्या झाडांना देता येईल का? आणि उरलेल्या ओल्या कापसाचं काय करायचं?